मांद्र्याच्या पहिल्या मतदाराचे हाल

गोवा विधानसभेचे मतदारसंघ ४०. त्यांना नंबर देणाऱ्याने उत्तरेकडून सुरुवात केली, त्यामुळे १ नंबर मांद्र्याला मिळाला, २ पेडण्याला आणि ३ डिचोलीला. राजधानी पणजी ११व्या नंबरवर उभी आहे, मडगाव ३१व्या आणि काणकोण अगदी शेवटी, ४०व्या. सरकारी कागदावर पेडणे-डिचोलीकरांनी पणजी-मडगावकरांच्या पुढे उभे राहावे असे प्रसंग फार येत नाहीत. इतिहासाने तर त्यांना रांगेच्या शेपटालाच ठेवले होते. तिसवाडी, बार्देस, साष्टी हे तालुके पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले. पेडणे, डिचोली, सत्तरी त्यांच्या यादीला जोडले गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 'नव्या काबिजादी' हे नाव त्यांना तेव्हा चिकटले आणि पावणेदोनशे वर्षांनी पोर्तुगीज निघून गेले तरी काबिजादी नव्याच राहिल्या.

मतदार यादीत मात्र पहिला मान. आणि ही यादी जावा नावाच्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या एखाद्या अडाणी प्रोग्रामच्या हाती पडली, तर या मानाची अशी काही वसुली होते की मांद्र्याच्या पहिल्या मतदाराने काणकोणात बिऱ्हाड हलवण्याचा विचार करावा.

जावाचा जन्म अमेरिकेतला. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि मंडळींनी १९९१ पासून ती घडवली आणि १९९५ साली जगापुढे ठेवली. आधी तिचे नाव ओक होते. ते दुसऱ्याच कंपनीने नोंदवून ठेवलेले निघाले, म्हणून कॉफीवरून जावा असे बारसे झाले. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. दारावरची पाटी बदलली, भाषा तीच राहिली. आज बँकेच्या पासबुकापासून विम्याच्या हप्त्यापर्यंत निम्म्या जगाचे हिशेब तिच्या पोटात चालतात. पेडण्याचा मुलगाही आता तिच्यातच काम करतो. तुयेला इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी झाली, मोप्याला २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि मुलगा मात्र पणजीच्या नाहीतर पुण्याच्या कचेरीत बसून मजकुराला मजकूर जोडतो आहे. प्रोग्रामरच्या कामाचा फार मोठा भाग खरोखर एवढाच असतो: इथला तुकडा, तिथला तुकडा, मध्ये स्वल्पविराम. हे घरी कोणी सांगत नाही, कारण घरच्यांनी कर्ज काढून इंजिनिअर केलेले असते.

तर जावात मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात, आणि स्ट्रिंगचा स्वभाव असा की ती एकदा तयार झाली की मरेपर्यंत बदलत नाही. तिच्यातले अक्षर खोडता येत नाही, शेपटीला नवे लावता येत नाही. हा हट्ट मुद्दाम ठेवलेला आहे. एकच स्ट्रिंग दहा ठिकाणी वापरली जात असते. कुणीतरी मध्येच तिच्यात खाडाखोड केली तर उरलेले नऊजण फसतील. म्हणून 'पेडणे' आणि 'डिचोली' जोडा असे सांगितले तर जावा दोघांनाही हात लावत नाही. ती तिसरीच कोरी जागा घेते, तिच्यात आधी पेडणे उतरवते, मग डिचोली. मूळची दोन्ही नावे जिथल्या तिथे, धक्काही न लागता.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा राजकारणात ही सोय असती तर केवढी भांडणे वाचली असती! महाराष्ट्रात विलीन व्हायचे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पाने. नव्या काबिजादींकडचा कल फुलाकडे होता, पण एकूण मोजणीत १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा पानांचा विजय झाला. जावाच्या रीतीने जोडणी केली असती तर गोवा गोव्याच्या जागी राहिला असता, महाराष्ट्र महाराष्ट्राच्या जागी, आणि जोडून झालेले तिसरेच राज्य शेजारी नवे कोरे उभे राहिले असते. मुख्यमंत्रिपदे तीन. कोणाचीच हरकत नसती.

आता यादी घेऊ. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते. समजा, कुणा उत्साही साहेबाने सांगितले की सगळ्या गोव्याची यादी एका लांबलचक मजकुरात जोडून द्या. प्रत्येक नोंदीत नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक, वय आणि ओळखपत्राचा १० अक्षरी क्रमांक. सरासरी ६० अक्षरे धरू. नवशिका प्रोग्रामर काय करतो? रिकामी 'यादी' घेतो, लूप (म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारे चक्र) लावतो आणि आत एकच ओळ लिहितो: यादी += मतदार. म्हणजे होती ती यादी अधिक हा मतदार, आणि त्यालाच पुन्हा यादी म्हणा. वाचायला ओळ इतकी निरागस आहे की तिच्यावर संशय घेणाऱ्याचीच लाज वाटावी.

पण स्ट्रिंग बदलत नाही, हे विसरून चालणार नाही. मांद्र्याचा पहिला मतदार यादीत आला. दुसरा आला, तशी जावाने नवी जागा घेतली, पहिल्याला तिथे उतरवून काढला, मग दुसऱ्याला लिहिले. तिसरा आला, पुन्हा नवी जागा, पुन्हा पहिला, दुसरा, मग तिसरा. हरमल, मोरजी, पार्से करत मांद्रे संपते तोवर पहिल्या मतदाराची हजारो वेळा नक्कल झालेली असते. मग पेडणे. मग डिचोली. मग थिवी, म्हापसा, शिवोली... पणजीचा प्रत्येक मतदार आला की मांद्र्याच्या माणसाने पुन्हा उठायचे. मडगावचा प्रत्येक मतदार आला की पुन्हा. काणकोणचा शेवटचा माणूस ऐटीत येऊन एकदाच लिहिला जातो आणि मोकळा होतो. त्याच्यासाठीसुद्धा मांद्र्याचा माणूस साडेअकरा लाखाव्यांदा उठून नव्या जागी जाऊन बसतो.

मजा म्हणजे एकाच तालुक्यातही न्याय सारखा नाही. डिचोली तालुक्यातले डिचोली शहर ३ नंबरच्या मतदारसंघात, मये १६व्या आणि साखळी १७व्या. डिचोलीच्या माणसाची नक्कल जवळजवळ अकरा लाख वेळा होते. साखळीच्या माणसाची अंदाजे सात लाख वेळा. साखळी हा २०१९ साली मुख्यमंत्री झालेल्या प्रमोद सावंतांचा मतदारसंघ. विरोधकांनी हा मुद्दा विधानसभेत अजून उचललेला नाही.

हिशेब घालून पाहू. साडेअकरा लाख नोंदी, प्रत्येकी ६० अक्षरे, म्हणजे शेवटी हातात येणारा मजकूर ६ कोटी ९० लाख अक्षरांचा. देवनागरीत अक्षराला दोन बाइट धरले तर १३८ एमबी. एखाद्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षाही लहान. पण तिथवर पोचताना उतरवून काढलेली एकूण अक्षरे भरतात जवळजवळ ४० लाख कोटी. बाइटमध्ये ७९ हजार जीबी. संगणक सेकंदाला १० जीबी या उदार वेगाने नकला करतो असे धरले, तरी निव्वळ उतरवण्यात दोन तासांवर जातात. शिवाय प्रत्येक फेरीला आधीची यादी टाकाऊ ठरते. साडेअकरा लाख मेलेल्या याद्या उचलायला जावाने एक झाडूवाला ठेवला आहे. त्याला गार्बेज कलेक्टर म्हणतात, आणि पालिकेच्या मानाने तो पुष्कळ नियमित आहे. हा सगळा हिशेबही जावाच्या ९व्या आवृत्तीनंतरचा, चांगल्या दिवसांतला. त्याआधी त्याच एका ओळीच्या पोटात प्रत्येक फेरीला दोनदा नक्कल व्हायची.

खरे नाट्य पुढेच आहे. हा प्रोग्राम कधीही चाचणीत नापास होत नाही. प्रोग्रामर तो आधी पेडण्याच्या एका मतदान केंद्राच्या यादीवर चालवून बघतो. गोव्यात सतराशेच्या वर मतदान केंद्रे. म्हणजे एका केंद्रावर सरासरी सातशेच्या आत-बाहेर मतदार. सातशे नोंदींसाठी उतरवायची अक्षरे दीड कोटीसुद्धा भरत नाहीत. पापणी लवायच्या आत यादी तयार. साहेब खूश. मग कुणी सावध माणूस म्हणतो, एक अख्खा मतदारसंघ चालवून बघा. २८ हजार मतदार. पाच-सहा सेकंद लागतात. साहेब म्हणतात, चालायचेच, नेट स्लो असेल. (नेटचा इथे काही संबंध नाही, पण गोव्यात कुठल्याही दिरंगाईचे कारण नेट हेच असते. पावसाळ्यात वीज.) आणि मग निवडणूक तोंडावर आल्यावर ४० मतदारसंघ एकदम सोडले जातात. स्क्रीनवरचे ते गोल गोल फिरणारे चक्र फिरत राहते. चहा होतो, जेवण होते, दुपारची झोप होते. मतदार वाढले सोळाशे-सतराशे पट. काम वाढले सत्तावीस लाख पट. गणिताचे मास्तर शाळेत वर्ग करायला लावत होते तो याच दिवसासाठी.

अशा वेळी नव्या सर्व्हरची मागणी करणारी फाईल तयार होते. तिच्यावर सह्याही चटकन होतात, कारण सर्व्हर ही वस्तू दिसते, तिच्यापुढे नारळ फोडता येतो, फोटो निघतो. लूपमधली एक ओळ बदलली याचा फोटो निघत नाही.

ओळ बदलण्याची रीत काही गुपित नाही. जावाच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९६ साली, स्ट्रिंगबफर नावाची सोय होती आणि २००४ साली, ५व्या आवृत्तीत, तिचा चपळ भाऊ स्ट्रिंगबिल्डर आला. दोघांचे काम एकच: मजकूर बदलता येईल अशी मोकळी जागा देणे, म्हणजे नवा मतदार आला की शेवटच्याच्या शेजारी बसवा, पुढच्यांना उठवू नका. फरक स्वभावाचा. स्ट्रिंगबफर प्रत्येक नोंद आत घेताना कुलूप लावतो आणि मग उघडतो, कारण एकाच वेळी अनेकजण त्याच्यात लिहायला आले तर गोंधळ होऊ नये. व्यवहारात दुसरे कोणी आलेले नसते. अख्खी यादी एकटा माणूस लिहीत असतो आणि तरी साडेअकरा लाख वेळा कुलूप. सरकारी कपाटाला शोभेल असा हा गुण. पण वीस वर्षांपूर्वी तोडगा निघूनही कित्येक प्रोग्रामांत स्ट्रिंगबफर अजून नोकरीवर आहे. निवृत्त कोणी केले नाही म्हणून.

स्ट्रिंगबिल्डरची खरी करामत त्याच्या वाढीत आहे. सुरुवातीला तो १६ अक्षरांपुरतीच जागा घेतो. त्यात मांद्र्याच्या पहिल्या मतदाराचे नाव आणि आडनाव कसेबसे बसेल. जागा संपली की दुप्पट अधिक दोन अशी नवी जागा घेतो: ३४, मग ७०, मग १४२. प्रत्येक वेळी जुने सगळे नव्या जागी हलवावे लागते हे खरे, पण हे हलवणे झपाट्याने विरळ होत जाते. ६ कोटी ९० लाख अक्षरांपर्यंत पोचायला जागा फक्त २२ वेळा बदलावी लागते. म्हणजे मांद्र्याचा पहिला मतदार साडेअकरा लाख वेळा उठत होता तो आता २२ वेळा उठेल, आणि सगळे झाल्यावर बिल्डरातून पक्की स्ट्रिंग काढताना आणखी एकदा. ४० लाख कोटी अक्षरांचे काम २१-२२ कोटींवर येते. दोन तासांच्या जागी सेकंदाचा काही भाग. आणि मुळातच 'सात कोटींची जागा लागणार आहे' असे आधी सांगून ठेवले, तर ते २२ वेळा उठणेही टळते. लग्नाला किती माणसे येणार हे यजमानाला कधीच नक्की माहीत नसते. मतदार किती हे मात्र निवडणूक आयोगाला माहीत असते. तरीही जागा आधी सांगणारा प्रोग्रामर विरळाच.

अर्धे ज्ञान झालेल्यांचा त्रास वेगळा. स्ट्रिंगबिल्डर चांगला, हे ज्यांना नुकतेच कळलेले असते ते सीनियर दुसऱ्यांचा कोड तपासताना प्रत्येक '+' चिन्हावर तांबडी शाई ओढतात. "अरे बाबा, प्लस घालू नको रे, बिल्डर घाल!" एका ओळीत तीन शब्द जोडलेत, तिथेही बिल्डर. यात कष्टाशिवाय काही हाती लागत नाही. लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारा जावाचा कंपायलर इतका बावळट कधीच नव्हता. एका ओळीतली बेरीज तो पूर्वीपासून स्वतःच बिल्डरात बदलून देत असे, आणि सप्टेंबर २०१७ च्या ९व्या आवृत्तीपासून तर तो आधी एकूण लांबी मोजून नेमकी जागा एकदाच घेण्याची व्यवस्था करतो. दोन्ही बाजूंना अवतरणातले ठरलेले शब्दच असतील तर प्रोग्राम चालण्याआधीच जोडून ठेवतो. चालताना खर्च शून्य. त्याला दिसत नाही ते लूपचे पुढचे वळण. या ओळीत शहाणपण, पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. पुष्कळ खात्यांचा कारभार याच तत्त्वावर चालतो, तेव्हा कंपायलरला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आणि मग आहे स्वल्पविराम. प्रत्येक नावापुढे स्वल्पविराम जोडत गेले की शेवटच्या नावापुढेही एक उरतो, लोंबकळत. तो कापण्यासाठी जगभरच्या प्रोग्रामरांनी जितके तास घालवले असतील तितक्यात तेरेखोल नदीवर आणखी दोन पूल झाले असते. २०१४ साली जावाच्या ८व्या आवृत्तीत जॉइन नावाची सोय आली: यादी द्या, मधला विराम सांगा, ती नेमका मध्येच घालून देते. सोय आली तरी जुनी मंडळी अजून शेवटचा स्वल्पविराम हातानेच कापतात. त्याहून करमणुकीचा प्रकार म्हणजे नल. एखाद्या मतदाराच्या वडिलांचे नाव रकान्यात नसले तर जावा तिथे मोकळी जागा सोडत नाही. जोडताना 'नल' असा शब्दच छापते. म्हणजे नल राजाचा वंश अचानक उत्तर गोव्यात पसरल्याचा भास होतो.

गोव्यात मात्र या विषयाला एक असे टोक आहे जे जावाच्या माहेरी, कॅलिफोर्नियात, कोणाच्या ध्यानात आले नसेल: लिपीचे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा ठरली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली, आणि रोमी लिपीतल्या कोकणीचे कैवारी आम्हाला बाहेर का ठेवले म्हणून आजही भांडत आहेत. जावाने या वादात ९व्या आवृत्तीपासून रोमीला कौल दिला आहे. मेमरीतल्या बहुतेक स्ट्रिंग साध्या लॅटिन अक्षरांच्याच असतात असे भाषेच्या रचनाकारांना आढळले. म्हणून अशा स्ट्रिंगमधल्या अक्षराला एकच बाइट द्यायचा असे ठरले. बाकी लिप्यांना पूर्वीप्रमाणे दोन. रोमन स्पेलिंगातले पेडणे सहा बाइटमध्ये बसते. देवनागरी पेडण्यात दिसायला अक्षरे तीन, पण संगणक मात्रा वेगळ्या मोजतो, तेव्हा पाच. म्हणजे १० बाइट. डिचोली रोमनमध्ये ८, देवनागरीत १२. आणि एका बाइटाच्या सवलतीत फक्त इंग्रजी अक्षरे येतात असे नाही. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला पोर्तुगीज 'अ' आणि शेपटीवाला 'क'सुद्धा येतो. पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ रोजी गेले. त्यांची अक्षरे जावाच्या गाडीत अजून अर्ध्या तिकिटावर बसतात.

यातली खरी मेख अशी की स्ट्रिंग एकतर पूर्ण एक-बाइटी असते नाहीतर पूर्ण दोन-बाइटी. लाखभर रोमन अक्षरांच्या मजकुरात एक देवनागरी 'ळ' शिरला की सगळ्या लाखाची जागा दुप्पट होते. स्ट्रिंगबिल्डरचेही तेच: देवनागरीचे पहिले अक्षर येताच तो आतला सारा संसार रुंद करून घेतो. कोकणी-मराठी वादाबद्दल मात्र जावा पूर्ण तटस्थ आहे. दोघींना अक्षरामागे दोन बाइट, ना एक कमी ना एक जास्त. इतका निःपक्षपाती निर्णय गोव्यात आजवर कोणत्याही समितीला देता आलेला नाही.

जागेला शेवटी मर्यादाही आहे. एका स्ट्रिंगच्या पोटातल्या बाइटांची संख्या २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जाऊ शकत नाही. रोमन असेल तर तितकीच अक्षरे. देवनागरी असेल तर निम्मी, १०७ कोटींच्या घरात. आपल्या ६० अक्षरी हिशेबाने गोव्याची यादी त्यात पंधरा वेळा बसेल. महाराष्ट्राचे २०२४ च्या विधानसभेचे मतदार साडेनऊ कोटींच्या वर. ती यादी एका स्ट्रिंगमध्ये मावायची नाही, बिल्डर कितीही चपळ असो. १९६७ साली पानांना मत देणाऱ्यांना जावा माहीत नव्हती, पण लहान असण्याचे फायदे त्यांनी बरोबर ओळखले होते.

मग एवढी मोठी यादी जोडायची कशी? थोरामोठ्यांचे उत्तर असे की जोडूच नका. हा सल्ला ऐकून नवशिका चिडतो, पण तो अगदी खरा आहे. ६ कोटी ९० लाख अक्षरांचा एकसंध मजकूर मुळात हवा कोणाला असतो? तो शेवटी फाईलमध्ये जायचा असतो, नाहीतर छपाईला. मग एकेक नोंद थेट फाईलकडे पाठवावी. सगळी मेमरीत साठवण्याचे कारण नाही. फक्त एकेक नोंद डिस्कवर नेणेही महाग पडते, म्हणून मध्ये बफर्डरायटर ठेवतात. त्याची टोपली ८,१९२ अक्षरांची. ती भरली की एकदम रिकामी करायची. डिचोलीकरांना हे शिकवण्याची गरज नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा १० टनांचा ट्रक खनिज घेऊन सारमानसच्या जेटीवर यायचा. एकेका ट्रकाने मुरगावपर्यंत धावावे असे कोणी म्हटले नाही, आणि महिन्याभराचे खनिज एकाच ढिगात साठवून मग एकदम उचलावे असेही नाही. दीड-दोन हजार टनांची बार्ज भरली की सुटली मांडवीतून, तोवर मागे दुसरी लागलेली. धूळ खाल्ली ती रस्त्याकडेच्या घरांनी, हा भाग वेगळा. २०१२ साली खाणकाम थांबले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आणि बार्जी नदीकाठी गंजत पडल्या. बफर्डरायटरचेही एक पथ्य आहे: काम संपल्यावर त्याला बंद करायला विसरले की शेवटची अर्धवट भरलेली टोपली तशीच आत राहते. त्या टोपलीत कोण असते? काणकोणचे शेवटचे शंभर-सव्वाशे मतदार. मांद्र्याच्या माणसाचा सूड म्हणायला हरकत नाही.

मजकूर जोडण्याचा विषय इतका जुना, इतका साधा. तो आता तरी संपला असेल असे वाटेल. जावाच्या कर्त्यांना मात्र तसे वाटले नाही. २०२३ साली २१व्या आवृत्तीत त्यांनी स्ट्रिंग टेम्प्लेट नावाची नवी पद्धत चाचणीसाठी बाहेर काढली. मजकुराच्या मध्येच रिकाम्या जागा ठेवायच्या, नावे आपोआप भरली जातील. २२व्या आवृत्तीत ती पुन्हा चाचणीला आली. मग वापरणाऱ्यांचे अभिप्राय आले, कर्त्यांनाही रचना पटेनाशी झाली आणि २३व्या आवृत्तीत ती सरळ काढून टाकली गेली. जाहीर केलेली योजना जमत नाही म्हणून परत घेतली, आणि तसे उघड सांगितले. हे वाचून पर्वरीतल्या सचिवालयात काहींना घेरी यावी.

तेव्हा ज्यांच्या कचेरीत महिनाअखेरचा अहवाल दरवर्षी थोडा थोडा जास्त वेळ घेऊ लागला आहे, पहिल्या वर्षी मिनिटात निघत होता तो आता जेवणाच्या सुट्टीनंतरही निघत नाही, त्यांनी नव्या सर्व्हरच्या फाईलवर सही करण्यापूर्वी एक करावे. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला जवळ बसवावे, चहा मागवावा आणि न रागावता विचारावे: बाबा, लूपच्या आत कुठे 'अधिक बरोबर' तर नाही ना?